आधी जागा धरा

मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग झालं तेव्हा घरातल्या प्रत्येकानं आपापला अभ्यास सुरू केला. थोरल्यानं जहाजावरच्या घसरगुंडीचे व्हिडिओ पाठ केले. नवऱ्यानं पैशात काय येतं आणि काय येत नाही याचा तक्ता केला. मी शनिवारी सकाळी डोंबिवलीहून बॅलार्ड पिअरला पोचायला किती वेळ लागेल याची काळजी करत बसले. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"जागा धरायला पुढे कोण जाणार?"

"आई, केबिन बुक केलीय आपण."

"ती झोपायला गं. बसायला?"

सासूबाई देवगडकडच्या. साठच्या दशकात, त्या परकर-पोलक्यात असताना, मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गावी जायच्या. त्या बोटीत चढल्यावर पहिल्या तासात काय करायचं हे त्यांच्या घरात ठरलेलं असे. वडील एका हातात ट्रंक आणि काखेत वळकटी घेऊन फळीवरून जवळजवळ धावत जायचे आणि वरच्या डेकवर, इंजिनाच्या धगीपासून लांब नि वाऱ्याच्या आडोशाला, सतरंजी अंथरायचे. एकदा सतरंजी पडली की ती जागा तुमची. मग तिच्या चार कोपऱ्यांवर चार पोरं बसवायची, म्हणजे शेजारच्यांची सतरंजी आत सरकत नाही. जेवण, पाणी, रडणं, सगळं त्यानंतर.

मला हे ऐकून हसू आलं होतं. क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल, आपण तिथं सतरंजी घेऊन जाणार का? प्रत्यक्षात चढल्यावर दोन तासांनी मी जहाजाच्या अकराव्या मजल्यावर उभी होते आणि तलावाभोवतीच्या एकूण एक आरामखुर्चीवर निळा टॉवेल पसरलेला होता. माणूस एकाही खुर्चीवर नव्हता. सतरंजीचा टॉवेल झाला होता, एवढाच काय तो साठ वर्षांतला फरक.

पण त्याआधी सामानाचं सांगते, कारण पहिल्या तासातल्या निम्म्या भानगडी तिथंच सुरू होतात.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात. त्यांना केबिनच्या नंबराचा कागद लावतात आणि त्या तपासणीच्या यंत्रातून जाऊन तुमच्या दाराशी येतात. कधी येतात, ते बॅगांनाच ठाऊक. आमच्या आल्या संध्याकाळी साडेसातला. तोवर हाताशी जी पिशवी असेल तेवढाच तुमचा संसार. माझ्या त्या पिशवीत काय होतं? छत्री. नोव्हेंबरात. पोहण्याचे कपडे, चार्जर आणि सासूबाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत. धाकटी पाण्याकडे बघत तासभर भोकाड पसरून बसली. तेव्हा पुन्हा जाणार असाल तर औषधं, पोहण्याचे कपडे आणि मुलांचा एकेक जास्तीचा जोड हातातल्या पिशवीत. बाकी सगळं साडेसातला आलं तरी काही अडत नाही.

सासूबाईंच्या बॅगेत यंत्राला उदबत्तीचा पुडा, कापूर, काडेपेटी आणि तुपाच्या फुलवाती सापडल्या. जहाजावर आगीइतकी दुसरी भीती नसते, त्यामुळे मेणबत्ती, इस्त्री, पाण्यात घालायचा हीटर, काहीही नेऊ देत नाहीत. हे सगळं एका पाकिटात बंद होऊन तिथंच राहिलं, पावती मिळाली. नारळावर मात्र यंत्रापाशी बराच खल झाला. पडद्यावर तो म्हणे गोल नि घट्ट काहीतरी दिसत होता.

"हा कशाला, आजी?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"समुद्राला द्यायला."

तो मुलगा बहुधा आपल्याच बाजूचा असावा. त्यानं आवाज खाली आणून समजावलं, की जहाजावरून समुद्रात काहीही टाकायचं नाही, आंतरराष्ट्रीय कायदा आहे. आहेच. मार्पोल नावाचा करार आहे, प्लॅस्टिक तर कुठल्याही समुद्रात टाकता येत नाही आणि उरलेलं अन्न टाकायलासुद्धा किनाऱ्यापासूनच्या अंतराचे नियम आहेत. नारळी पौर्णिमेचा नारळ या करारात कुठल्या रकान्यात बसतो कोण जाणे. सासूबाईंनी नारळ त्याच्याच हातात ठेवला. "मग तू दे माझ्या नावानं, इथनं धक्क्यावरून." त्यानं तो घेतला. पुढं काय केलं ते त्याला आणि समुद्राला माहीत.

सामानावरून आठवलं. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेला 'राजपुताना' जहाजानं मुंबईहून निघाले, तेव्हा सोबतच्यांनी पेट्याच पेट्या भरल्या होत्या. ते लक्षात आल्यावर गांधीजी इतके रागावले की बरंचसं सामान एडनहून परत पाठवावं लागलं. दोन रात्रींच्या गोवा सहलीला आमच्या चार बॅगा होत्या. वाटेत एडन नव्हतं म्हणून निभावलं.

चढल्या चढल्या सगळी गर्दी जाते ती जेवणाकडे. वरच्या मजल्यावर एका टोकाला बुफे असतो, आणि चढणाऱ्या दोन हजार माणसांना त्याच एका क्षणी कडकडून भूक लागलेली असते. लग्नाच्या पंगतीत बसायला मिळणार नाही या धास्तीनं मुंबईकर जसा पहिल्या पंगतीच्या खुर्चीमागे उभा राहतो, तसे लोक ताटं घेऊन उभे होते. जैन काउंटरची रांग जिन्यापर्यंत. पैसे आधीच भरलेले आहेत, अन्न रात्री बारापर्यंत संपणार नाहीये, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फुकट म्हटलं की पोटाला वेगळं घड्याळ लागतं. आम्हीही उभे राहिलो. चाळीस मिनिटं. पनीर, पुलाव आणि पाच जणांत मिळून तीन खुर्च्या.

सासूबाई जेवल्या नाहीत. त्यांनी पर्समधून आलेपाकाची वडी काढून तोंडात टाकली आणि मुलांनाही एकेक दिली. "पहिल्या दिवशी पोट हलकं ठेवायचं. बोट लागते."

आपल्या भाषेत हे फार छान आहे. भूक लागते, ठेच लागते, घाट लागतो, तशी बोट लागते. आणि तीच बोट बंदरालाही लागते. बंदराला लागली की सुटका, माणसाला लागली की संपलं. त्यावर उपाय सगळे सासूबाईंच्या वेळचेच आहेत अजून: आलं चघळा, कोरडं खा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, बाहेर येऊन क्षितिजाकडे बघा. जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर हेलकावा कमी जाणवतो. आमची केबिन खाली, मध्यावर आणि बिनखिडकीची होती, कारण ती सगळ्यांत स्वस्त होती. नवऱ्यानं ते "मुद्दाम घेतली" असं सांगून टाकलं.

केबिन मात्र मला आवडली. दिवा मालवला की इतका अंधार, की आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले ते कळू नये. भिंती लोखंडी, त्यामुळे घरून फ्रिजवरची दोन चुंबकं नेली असती तर वेळापत्रकाचे कागद लावता आले असते. संडासाचं बटण दाबलं की विमानासारखा असा काही हिसका बसतो की धाकटी पुढचे दोन दिवस दाराबाहेर उभी राहून, हात लांब करून, बटण दाबून पळत होती. आणि न्हाणीघराला उंबरठा! चांगला वीतभर उंच. पाणी बाहेर येऊ नये म्हणून. मी त्यावर उभी राहून वरच्या कप्प्यातलं लाइफ जॅकेट बघत होते, तर मागून आवाज आला, "उंबरठ्यावर उभी राहू नकोस." समुद्रावरसुद्धा.

फोनचं एक सांगून टाकते. किनारा सुटला की आपलं नेटवर्क जातं आणि फोन गुपचूप जहाजाच्या नेटवर्कला जाऊन चिकटतो, त्याचं बिल परदेशी रोमिंगसारखं येतं. निघण्याआधीच एअरप्लेन मोडवर टाका. थोरल्यानं टाकला नव्हता. ती रक्कम मी इथं लिहीत नाही, घरात अजून तो विषय ताजा आहे.

मग एकदम भोंगा झाला. सात वेळा तोकडा आणि आठव्या वेळी लांबलचक. जगात कुठल्याही जहाजावर हीच खूण: आपापल्या जमायच्या जागी या. प्रत्येकाच्या कार्डावर त्या जागेचं अक्षर छापलेलं असतं. लहान मुलांच्या मनगटाला तर त्याची पट्टीच बांधतात, म्हणजे आईबापांपासून लांब असली तरी कुणीही त्यांना योग्य ठिकाणी आणून सोडेल. लिफ्ट वापरायची नाही, जिन्यानं जायचं.

लोक वैतागत आले. कुणी ओल्या कपड्यांत, कुणी हातात आइस्क्रीम घेऊन. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी "आता हे कशाला, बुडणार आहे का?" असं म्हणून स्वतःच हसून घेतलं. कशाला, ते त्यांना सांगावंसं वाटत होतं. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यावर समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला करार १९१४ मध्ये झाला. तरीही पुढं कित्येक वर्षं हा सराव प्रवासी चढल्यावर चोवीस तासांत कधीही उरकला तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२च्या रात्री इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. तो दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. ३२ माणसं गेली. २०१५पासून नियम बदलला: सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटता. म्हणून हे आइस्क्रीम खात उभं राहणं.

यातलं मी काहीच बोलले नाही. बोलल्या सासूबाई, त्याही अगदी हळू, धाकटीच्या जॅकेटचा पट्टा ओढून बघत. "रामदास बोट अशीच गटारीच्या दिवशी निघाली होती. भाऊच्या धक्क्यावरनं रेवसला. एवढंसं तर अंतर." १७ जुलै १९४७. सहाशेहून जास्त माणसं गेली, बरीचशी सणाला घरी निघालेली. सासूबाईंचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण कोकणातल्या घरात ही गोष्ट न ऐकता कुणी मोठं होत नाही. पुढचे गृहस्थ वळून बघत होते. त्यांनी आइस्क्रीमची काडी खिशात ठेवली आणि जॅकेट कसं घालायचं ते दाखवणाऱ्या मुलीकडे लक्ष दिलं.

सराव संपला तसे सगळे पांगले. वर डीजे सुरू झाला होता, नवरा नि थोरला तिकडे. मला मुलांच्या क्लबात नाव नोंदवायचं होतं, कारण तिथंही पहिल्या दिवशीच झुंबड असते. नोंदवून परत येते तर सासूबाई आणि धाकटी दोघी गायब.

कार्ड गळ्यात, फोन बंद, आणि अकरा मजले. मी आधी बुफे पाहिला, मग केबिन, मग पुन्हा बुफे. जहाज थरथरलं, म्हणजे निघालं. शेवटी सापडल्या त्या एका खालच्या, अरुंद, उघड्या डेकवर, जिथं ना तलाव ना गाणी ना टॉवेलवाल्या खुर्च्या. लाइफबोटींच्या खाली, उजव्या अंगाला, भिंतीशी. सासूबाईंनी पिशवीतली जुनी सोलापुरी चादर चौघडी करून अंथरली होती. तिच्या एका कोपऱ्यावर धाकटी बसवलेली.

"ही जागा कशी शोधलीत?"

"वारा बघितला. आणि मुंबई ह्याच अंगाला दिसते जाताना."

खरंच होतं. जहाज दक्षिणेकडे निघतं तेव्हा मुंबई उजव्या हाताला येते, डावीकडे उरण नि करंजाचे डोंगर. इतका साधा हिशेब तक्त्यात कुणी मांडला नव्हता. वर शेकडो माणसं डीजेकडे तोंड करून नाचत होती आणि इथं आमच्यासमोरून सावकाश नौदलाच्या राखाडी बोटी सरकत होत्या, मग गेटवे, मागं ताज, मग कुलाबा. रोज लोकलमधून जिच्या पाठीला पाठ लावून आपण जातो ती मुंबई तोंडासमोरून अशी शांत जाताना मी पहिल्यांदाच पाहत होते. टोकाला प्राँग्जचं दीपगृह, १८७५चं, पट्ट्यापट्ट्यांचं. त्याच्या आसपास एक छोटी होडी आमच्या कुशीला येऊन चिकटली आणि जहाजाच्या अंगातल्या एका दारातून एक माणूस दोराच्या शिडीवरून भराभर उतरून तिच्यात गेला.

"हा कुठे निघाला आता?" सासूबाई दचकल्या.

तो बंदराचा पायलट. बंदरातले खडक नि वाटा ठाऊक असलेला. जहाज बाहेर काढून दिलं की त्याचं काम संपतं. त्यांनी त्याला हात केला. त्यानंही केला, कुणाला ते न बघता.

अंधार पडला. धाकटी मांडीवर कलंडली होती. डाव्या अंगाला बघून येते म्हणून सासूबाई उठल्या, मी चादरीवर बसून राहिले, जागा जाऊ नये म्हणून. दहा मिनिटांनी परत आल्या.

"खांदेरीचा दिवा दिसला. आबा म्हणायचे, खांदेरी दिसली की मुंबई संपली, आता डबा सोडा." त्यांनी चादर झटकून घडी घातली. "चल, उठव तिला. वरची रांग संपली असेल."

रांग खरंच संपली होती. भात गरम होता.