तीस किलो शिसं

घरी बांधलेल्या विमानांचं वजन करून त्यांचा गुरुत्वमध्य, म्हणजे तोलाचा बिंदू, काढून देणं हे माझं काम. हे विमान दोन आसनी, पंख खाली, तिसरं चाक शेपटीखाली. बांधणाऱ्या काकांनी आधीच कळवलं होतं की शेपूट जड निघालंय, इंजिनापुढे ३० किलो शिसं बसवतोय, तुम्ही फक्त हिशेब नजरेखालून घाला.

४६६ किलोच्या विमानात ३० किलो शिसं! ते ऐकून मी वजनकाटे घेऊनच गेलो.

कागदावर चूक सापडेना. प्रत्येक चाकावरचं वजन गुणिले त्या चाकाचं डेटमपासूनचं (अंतरं मोजायला ठरवलेल्या काल्पनिक रेषेपासूनचं) अंतर, त्यांची बेरीज भागिले एकूण वजन, की गुरुत्वमध्य आला. डेटम पंखाच्या पुढच्या कडेच्या १५०० मिलिमीटर पुढे, मुख्य चाकं १५८० वर, शेपटीचं चाक ५९८० वर. ही अंतरं काकांनी ओळंबे सोडून, जमिनीवर खडूच्या रेघा मारून घेतली होती. मी पुन्हा मोजली, तीच आली. मुख्य चाकांवर ४३५ किलो, शेपटीवर ३१, म्हणजे गुरुत्वमध्य १८७३. त्याची सुरक्षित मर्यादा १७१० ते १८९२. रिकामं विमान मर्यादेत, पण ७५-७५ किलोची दोन माणसं २२०० वरच्या आसनांवर बसवली की आकडा १९५२ वर जातो. इतक्या मागे तोल गेलेलं विमान स्वतःहून सरळ राहत नाही आणि स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, गेलं तर बाहेर येईलच असं नाही. काका घाबरले ते योग्यच होतं.

मी विचारलं, "वजन करताना विमान कसं उभं होतं?"

"नेहमी असतं तसंच. तिन्ही चाकं काट्यांवर. एकूण वजन जुळलं की झालं, असं सांगितलं होतं मला."

कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. असे सल्लागार प्रत्येक हँगरमध्ये असतात, त्यांची स्वतःची विमानं पाहिली की मला धडकी भरते. पण किटच्या, म्हणजे विमानाच्या सुट्या भागांच्या संचाच्या, पुस्तकाचाही मला राग आहे. रिव्हेट कसं मारायचं यावर त्यात पानंच्या पानं, आणि वजन करताना विमान लेव्हल, म्हणजे शेपूट उचलून आडवं, हवं हे एका ओळीत, तेही अंतरांच्या आकृतीखाली. काकांनी अंतरं लेव्हलमध्ये घेतली, वजन मात्र शेपूट खाली टेकवून.

गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या आसापेक्षा सुमारे ८० सेंटिमीटर उंच असतो. शेपूट टेकलं की नाक १२ अंश वर, आणि त्या तिरकेपणाने गुरुत्वमध्य चाकांच्या मागे १६-१७ सेंटिमीटर सरकतो. तो भार शेपटीच्या काट्यावर दिसतो. एकूण वजन मात्र दोन्ही स्थितींत तेच, म्हणून बेरीज तपासणाऱ्याला काहीच खटकत नाही.

मग आम्ही पहिल्यापासून वजन केलं. हँगरचे दरवाजे लावले, कारण पंखांवरून हलका वारा गेला तरी काटा हलतो. पेट्रोल काढून फक्त टाकीच्या तळाचं, वापरता न येणारं ठेवलं, तेल पूर्ण भरलं. ब्रेक सोडले. विमान काट्यांवर थोडं पुढे-मागे ढकललं, नाहीतर चाकांचे फाकलेले पाय काट्याला आडवं रेटतात. कॅनॉपीच्या (आसनांवरच्या पारदर्शक झाकणाच्या) कडेवर पाणसळ ठेवून शेपूट घोडीवर चढवलं, तिचं वजन नंतर वजा केलं. डावं चाक २२७, उजवं २२५, शेपूट १४. एकूण ४६६. गुरुत्वमध्य १७१२, दोन माणसांसह १८३१.

काका काट्याकडे बघत राहिले. ते शिसं लागलं असतं तर एकटा वैमानिक बसल्यावर तोल पुढच्या मर्यादेपासून जेमतेम आठ मिलिमीटरवर आला असता.

मी तिथेच थांबलो असतो तर दोघंही खूश होऊन घरी गेलो असतो. पण सामानाच्या कप्प्यावर त्यांनी ४५ किलोची पाटी आधीच लावली होती, आणि तो कप्पा २९४० वर. दोन माणसं, ४५ किलो सामान, टाकीत १०० किलो म्हणजे सुमारे १३९ लिटर पेट्रोल: १८८६, मर्यादेच्या आत. काकांचा कागद इथेच संपत होता. टाक्या पंखाच्या पुढच्या भागात, १७५० वर आहेत, त्यामुळे पेट्रोल जळत जाईल तसा तोल मागे सरकतो. साधारण ४६ लिटर जळलं की विमान मर्यादेबाहेर, टाकी रिकामी होईपर्यंत १९०६. म्हणजे उड्डाण निर्धास्त, आणि उतरताना, माणूस थकलेला असताना, विमान सर्वांत बिघडलेलं. भरलेल्या टाकीचा एकच हिशेब करून फाइल बंद करणारे मी इतके पाहिलेत की आता मी रिकाम्या टाकीपासूनच सुरुवात करतो.

"मग आठ किलो शिसं लावू या?" काकांनी लगेच विचारलं. हिशेबाने ते पुरतं. पण त्यांची ७ किलोची बॅटरी कप्प्याच्याही मागे, ३००० वर बसवलेली आहे. ती फायरवॉलवर (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर), १०५० वर आणली तर एक ग्रॅमही न वाढवता त्याहून जास्त साधतं; टाकी रिकामी असतानाही १८८६. त्यासाठी केबलवरचा रिव्हेट मारलेला तळ उघडावा लागेल. तो तळ काकांनी किती निगुतीने बंद केलाय ते मी पाहिलंय, त्यामुळे मला आग्रह धरवेना. आता वाटतं, धरायला हवा होता.

तोवर पाटी बदलून घेतली: सामान २५ किलो, कारण नव्वद-नव्वद किलोचे दोघे बसले तर २७ च्या वर जागाच उरत नाही. बॅटरी की शिसं, काकांनी अजून कळवलेलं नाही. काहीही केलं तरी वजन नव्याने करावं लागेल. ती घोडी मी त्यांच्याकडेच ठेवून आलोय.