लॉगिनच्या आधी वायफाय का जोडलं जात नाही?

लिनक्सवर लॉगिन केलं की वायफाय लगेच जोडलं जातं, पण मशीन नुसतं चालू करून ठेवलं तर जोडलं जात नाही. घरातल्या जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर करणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार. दोष बहुधा ड्रायव्हरचा नसतो. लॉगिननंतर जोडलं जातंय म्हणजे ड्रायव्हर आणि फर्मवेअर ठीक आहेत. पासवर्ड कुठे ठेवलाय ते आधी बघा.

उबुंटू, फेडोरा, डेबियनचा डेस्कटॉप या सगळ्यांत वायफाय सांभाळतो तो नेटवर्कमॅनेजर. कनेक्शन फक्त एका युजरसाठी सेव्ह झालं असेल तर पासवर्ड त्या युजरच्या की-रिंगमध्ये, म्हणजे पासवर्डांच्या कुलूपबंद तिजोरीत जातो, केडीई डेस्कटॉप असेल तर त्याच्या के-वॉलेटमध्ये. ही तिजोरी उघडते लॉगिन झाल्यावर. बूटच्या वेळी नेटवर्कमॅनेजर पासवर्ड मागतो, द्यायला कोणीच नसतं. जर्नल-सीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडने, या बूटचा लॉग काढलात तर ‘नो एजंट्स वेअर अव्हेलेबल’ अशी ओळ दिसेल. ती दिसली की निदान पक्कं.

उपाय एनएमसीएलआयने, म्हणजे नेटवर्कमॅनेजरच्या कमांडने करा. कनेक्शन मॉडिफाय म्हणून त्या कनेक्शनचं नाव द्या आणि तीन गोष्टी बदला. कनेक्शन-डॉट-परमिशन्स रिकामं करा, म्हणजे कनेक्शन सगळ्या युजरांचं होतं. पीएसके-फ्लॅग्ज, म्हणजे पासवर्ड कोणाकडे ठेवायचा ते सांगणारी सेटिंग, १ (युजरकडे) असेल, तो ० (सिस्टमकडे) करा. आणि पासवर्ड पुन्हा द्या. ही तिसरी पायरी बरेच जण गाळतात. फ्लॅग बदलल्याने की-रिंगमधला पासवर्ड आपोआप बाहेर येत नाही. कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड शेलच्या हिस्टरीत उरतो, म्हणून तेवढ्यापुरतं एनएमटीयूआय, म्हणजे त्याचाच मेन्यूवाला प्रकार, वापरलेलं बरं.

आता पासवर्ड ईटीसीमधल्या नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टम-कनेक्शन्स फोल्डरात (उबुंटू २३.१० पासून ईटीसीमधल्या नेटप्लॅन फोल्डरात), साध्या मजकुरात बसतो. फाइल रूटच्या, म्हणजे सिस्टमच्या मुख्य युजरच्या मालकीची आणि परमिशन ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) हवी. दुसऱ्या मशीनवरून फाइल उचलून आणली आणि परमिशन ६४४ (सगळ्यांना वाचता येणारी) राहिली, तर नेटवर्कमॅनेजर ती सरळ नाकारतो. शिवाय आणलेल्या फाइलमध्ये जुन्या मशीनच्या इंटरफेसचं नाव असू शकतं. तिथे डब्ल्यूलॅन-शून्य आणि इथे डब्ल्यूएलपी-३-एस-० असेल, तर कनेक्शन लागूच होणार नाही. ती ओळ काढा आणि कनेक्शन रीलोड करा.

वीज जाऊन आल्यावरचा घोटाळा वेगळा. राउटरचा सिग्नल आधी येतो, आयपी पत्ता द्यायला तो नंतर तयार होतो. नेटवर्कमॅनेजर एरवी चार वेळा प्रयत्न करतो आणि मग पाच मिनिटं गप्प बसतो. कनेक्शनची ऑटोकनेक्ट-रिट्राइज ही प्रयत्नांची सेटिंग ० केली की तो प्रयत्न सोडत नाही. इथे शून्य म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे, ‘अमर्याद’.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर आणखी एक खाच आहे. बूट पार्टिशनमध्ये डब्ल्यूपीए-सप्लिकंटची (वायफाय जोडणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल टाकायची जुनी युक्ती २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून चालत नाही, कारण तिथेही नेटवर्कमॅनेजर आला. मेमरी कार्ड तयार करतानाच इमेजर या त्याच्या प्रोग्रॅममध्ये वायफायचं नाव, पासवर्ड आणि देश भरा. देश भरला नाही तर वायफायचा रेडिओ आरएफकिलने, म्हणजे रेडिओ बंद ठेवणाऱ्या लिनक्सच्या कुलपाने, बंदच राहू शकतो.

जोडणी झाली तरी तुमची सर्व्हिस पडत असेल, तर तिची युनिट फाइल, म्हणजे ती कधी सुरू व्हावी ते सांगणारी सिस्टमडीची फाइल, उघडा. ‘आफ्टर’मध्ये नुसतं नेटवर्क-टार्गेट असून भागत नाही, त्याला जोडणी पूर्ण होण्याशी देणंघेणं नसतं. ‘वाँट्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्हींत नेटवर्क-ऑनलाइन-टार्गेट हवं.

चाचणीसाठी मशीन रीबूट करा, लॉगिनच्या पडद्यावर तसंच सोडा आणि दुसऱ्या मशीनवरून एसएसएच (नेटवर्कवरून दूरस्थ लॉगिन) करून पाहा. लॉगआउट करून केलेली चाचणी धरू नका, आधीची जोडणी तशीच टिकून असू शकते.