ओट्यावरची बोय आणि मालवणचे खोल पाणी

माही माही या खोल पाण्यातल्या माशाच्या मागे मालवणला जायचे ठरले, तेव्हा निम्मा प्रवास कोथरूडच्या घरातल्या ओट्यावरच झाला. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आमिषासाठी वीतभर लांबीच्या सहा बोयी (हा छोटा मासा) आणल्या आणि जाड्या मिठात रात्रभर मुरवल्या, कारण मिठाने मांस आवळते आणि होडीमागे ओढले जात असताना आमिष लवकर फाटत नाही. (त्या रात्री फ्रीजवरून घरात काय बोलणे झाले, ते इथे लिहीत नाही.) पाठीचा कणा बोटांनी वाकवून सैल केला, गळ पोटातून बाहेर काढला, हनुवटीखाली शिशाची गोळी बांधली आणि तोंड तांब्याच्या बारीक तारेने घट्ट आवळले. तोंड उघडे राहिले की पाणी आत शिरते, आमिष भोवऱ्यासारखे फिरते आणि तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, पीळ पडतो.

स्वारगेटहून रात्रीची एसटी धरली. मालवणला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला, जानेवारीच्या शांत समुद्रात, आम्ही किनारा सोडला.

उजाडल्यावर मी ऐटीत पहिली बोय काढली, तर आमच्या होडीवरचे तात्या म्हणाले, “आधी पाण्यात सोडून बगा, मगे बोला.” होडीच्या कडेला धरताच ती गरगरली. गळ जिथून बाहेर येत होता तिथे मी फक्त भोक ठेवले होते. त्यामुळे ओढ लागली की गळ अडे आणि बोयीचे अंग कमानीसारखे वाकडे होई. तात्यांनी सुरीने ते भोक लांबट चिरले, गळाला सरकायला जागा झाली आणि तीच बोय सरळ, शेपटी हलवत पोहू लागली. घरी केलेल्या सगळ्या कसरतीत एवढी एकच गोष्ट राहिली होती आणि तीच सर्वांत महत्त्वाची होती.

तासाभराने एक वाहत आलेला बांबू दिसला. अशा तरंगत्या वस्तूंच्या सावलीत माही माही थांबतो, म्हणून होडी बांबूवरून न नेता सहा-सात नॉट वेगाने कडेने नेली. पहिला झटका बसला आणि तंगूस कापले गेले. ती बहुधा सुरमई असावी. माही माहीसाठी पोलादी तार लागत नाही, उलट तार दिसली की तो बुजतो असे म्हणतात. पण कोकणच्या पाण्यात सुरमईचे दात गृहीत धरावेच लागतात. मी तरीही तंगूसच ठेवले.

दुसऱ्या फेरीत तो लागला. पाण्याबाहेर झेपावला तेव्हा हिरवा, निळा, पिवळा असे तिन्ही रंग त्याच्या अंगावर होते आणि कपाळ उभे असल्याने नर असल्याचेही कळले. मी घाईने रीळ फिरवू लागलो, तर तात्यांनी हात धरला: गळाला लागलेला एक मासा पाण्यात राहिला की बाकीचा थवा होडीजवळ रेंगाळतो. तेवढ्यात त्यांनी बांगड्याचे तुकडे टाकले, एक तुकडा वजनाशिवाय साध्या गळाला लावून सोडला आणि दुसरा मासा मिळवला.

दोन्ही मासे लगेच बर्फात पुरले, कारण हा मासा उन्हात राहिला तर त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. उरलेल्या बोयी मी तात्यांकडेच ठेवल्या. त्या पुन्हा कोथरूडच्या फ्रीजमध्ये नेण्याची माझी हिंमत नव्हती.