स्ट्रायकर खाली घ्या आणि सोडा

गेल्या आठवड्यात माझ्या गॅरेजमध्ये आलेली एक गाडी डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसलोय. भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहणारी जुनी पिकअप, ड्रायव्हरसाइडचा दरवाजा नायलॉनच्या दोरीने आतून सीटच्या फ्रेमला बांधलेला. रे रोडला वळताना चालू गाडीत उघडला म्हणे, ड्रायव्हरने स्टिअरिंग घट्ट धरलं म्हणून वाचला. आणि शेठचं म्हणणं काय, तर "पासिंग आलंय, स्ट्रायकर जरा खाली घ्या आणि सोडा." स्ट्रायकर म्हणजे दरवाजाचं लॉक ज्याला अडकतं तो चौकटीच्या खांबावरचा, म्हणजे पिलरवरचा, लोखंडी आकडा. आठ वर्षांपुढच्या धंद्याच्या गाडीला दरवर्षी फिटनेस, म्हणजेच पासिंग, लागतं, तेवढ्यापुरता यांना दरवाजा आठवतो.

हे स्ट्रायकर खाली घेणं म्हणजे आमच्या लाइनीला लागलेला रोग आहे. दरवाजा खाली येतो तो बिजागरीत, आणि पाना चालतो तो समोरच्या पिलरवर. दोन बिजागऱ्यांमध्ये अंतर दीडेक फूट, आणि तिथून लॉक तीन फूट लांब, म्हणजे वरच्या पिनीत एक मिलिमीटर खेळ आला की लॉकपाशी दरवाजा दोन मिलिमीटर खाली. मग स्ट्रायकर खाली घ्या, सहा महिन्यांनी परत खाली, शेवटी खोबणच संपते. लॉकला दोन दात असतात, अशी गाडी पहिल्याच दातावर अर्धवट अडकून फिरत असते आणि बाहेरून बघाल तर दरवाजा बंद.

तपासायला कसलं मशीन लागत नाही. दरवाजा अर्धा उघडायचा, मागच्या टोकाला धरून वर उचलायचा आणि नजर बिजागरीवर ठेवायची. अख्खी बिजागरीच पिलरवर हलत असेल तर बोल्ट ढिले नाहीतर आतला पत्रा फाटलेला, ते काम वेगळं. इथे बिजागरी जागेवर होती, पिन आत डुगडुगत होती. बर्फाचं खारं पाणी रोज गळतं, ड्रायव्हर ओल्या गमबुटाने चढतो-उतरतो, ग्रीस कुणी कधी लावलंच नसेल. पिनेभोवतीच्या पितळी नळ्या, म्हणजे बुश, पार खाऊन गेलेले, लोखंडावर लोखंड घासून पिन मधोमध चोखलेल्या पेपरमिंटसारखी झालेली.

या गाडीच्या पिना-बुश सुटे मिळत नाहीत, दुकानदार अख्खी बिजागरी घ्या म्हणतो, तीही कधी येईल सांगता येत नाही. म्हणून दारूखान्यातल्या लेथवाल्याकडून करून घेतले. माप घेताना लक्ष लागतं, मधल्या झिजलेल्या भागाचं नाही, डोक्याखाली जिथे पिन घट्ट बसलेली असते तिथलं घ्यायचं, खरं माप तिथेच उरलेलं असतं. बुश गनमेटलचे, कॉलरवाले, म्हणजे एका टोकाला कडा असलेले, कारण दरवाजाचं वजन कॉलरवर येतं, नुसती नळी करून घातली की दरवाजा परत खाली आला.

काढताना एक बिजागरी एका वेळी, हे मी पोरांना ओरडून सांगतो. दरवाजाखाली जॅक, त्यावर लाकूड, त्यावर गोणपाट, मग वरची पिन. वरच्या पिनीला आधी कुणीतरी वेल्डिंगचा टाका मारून ठेवला होता, म्हणजे खेळ त्याला दिसला होता, आणि तरीही त्याने पैसे घेऊन तो खेळ झाकला, दुरुस्त केला नाही. असल्या कामाला मी काम म्हणत नाही. तो टाका घासून काढण्यात सकाळ गेली. नवीन बुश हातोडीने ठोकायचे नाहीत, कॉलर चिरते, लांब बोल्ट आणि नट लावून हळूहळू खेचून बसवायचे, मग भोक मापात आणायला हलका रीमर फिरवायचा, पिन अंगठ्याच्या जोराने सरकली पाहिजे आणि बाजूला अजिबात हलता कामा नये.

दोन्ही पिना बसल्यावर स्ट्रायकर सोडला तर खाली कंपनीचा मूळ पांढरा रंग, स्ट्रायकरच्या आकाराचा, आत्ताच्या जागेपेक्षा बोटभर वर. त्या खुणेवर परत नेऊन बसवला आणि दरवाजा दोन बोटांनी लोटला तर दोन्ही दातांवर बसला. ड्रायव्हर आपला अजून सवयीने खांदा लावून दरवाजा उचलत होता, त्याला म्हटलं अरे आता उचलू नकोस, नुसता सोड.

आता मूळ गोष्ट. क्लीनरसाइडचा दरवाजाही तसाच आहे. मी शेठना हाताने उचलून दाखवला, स्ट्रायकरला खाली जायला जागा उरलेली नाही तेही दाखवलं. "तिकडून कोण चढतंय सारखं, पासिंग झालं की आणतो." त्या बाजूला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा बसतो, रात्री दोनला उठून पेट्या चढवतो आणि परत येताना दरवाजाला डोकं टेकून झोपतो, हे ड्रायव्हरनेच सांगितलं. त्याला मी सांगितलंय, तोपर्यंत बेल्ट लावल्याशिवाय पोराला बसवू नकोस.

पासिंग झालं. दुसऱ्या दरवाजाच्या पिना-बुश मी त्याच वेळी करून घेतले होते, गॅरेजमध्ये तयार पडलेत. पैसे नंतर द्या म्हटलं, फोन केला की शेठ सीझन आहे म्हणतात. धक्क्यावरच्या ज्या कुणाच्या गाडीवर असा पोरगा बसत असेल त्यांनी आज तो दरवाजा मागच्या टोकाला धरून एकदा उचलून बघा, आणि आमचे शेठ हे वाचत असतील तर शेठ, गाडी दुपारी लावा, संध्याकाळी घेऊन जा.