गंगावेशीत, उभ्यानं

परवा कोल्हापुरात मावशीकडे निघाले होते आणि गंगावेशीत अडकले. रस्ता ओलांडायला मिळेना. रंकाळा स्टँडकडून येणाऱ्या एसट्या, पन्हाळ्याला निघालेल्या गाड्या, अंबाबाईचं दर्शन करून वाट चुकलेले लोक, सगळे एकाच वेळी हॉर्न वाजवतायत आणि त्या गदारोळात म्हैस आपली निवांत रवंथ करत उभी. दूध कट्टा काय ते सांगत बसत नाही, ज्यांनी पाहिलाय त्यांना माहितीय. गवळी उकिडवा बसलेला, भोवती गिऱ्हाईक, धार काढली की फेसासकट ग्लासात. लेकीनं लगेच मोबाईल काढला. मी मात्र पलीकडच्या दुकानाची पायरी शोधत होते.

त्या पायरीवर मी लहानपणीच्या कितीतरी मे महिन्यांतल्या संध्याकाळी बसलेय. मामा मला आणि दादाला लुनावरून आणायचा, दादाला कट्ट्यावर न्यायचा आणि मला पायरीवर बसवायचा. "पोरीच्या जातीनं चौकात उभं राहून दूध प्यायचं नसतंय." रागानं नाही हं, रंकाळ्याला पाणी आहे असं सांगावं तितक्या सहज. दादाला पैलवान करायचं होतं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं तेव्हापासून कोल्हापुरातल्या प्रत्येक मामाला एक तरी भाचा त्या मातीत उतरवायचाच असतो, त्याला कोण काय करणार. दादा नाक दाबून प्यायचा, फेसाची मिशी पुसायचा आणि माझ्याकडे बघून दंड फुगवायचा. आता तो बंगलोरला असतो आणि दूध पचत नाही म्हणून बदामाचं दूध पितो.

माझा वाटा किटलीत. ती मांडीत घट्ट धरून घरी न्यायची, मग आजी ते दूध तीन उकळ्या येईपर्यंत तापवायची आणि कपात वर ही एवढी जाड साय. ती साय ओठाला लागली की अंगावर काटा. आजही मी चहा दोनदा गाळते, नवरा हसतो, हसू दे.

गंमत म्हणजे कोल्हापुरात आम्ही बायका बोलतो पुरुषासारख्या. मी आलो, मी गेलो, मी जेवलो. पुण्यात इतकी वर्षं काढूनही कोल्हापूरच्या वेशीवरचं तावडे हॉटेल आलं की माझं 'आले'चं 'आलो' होतं, लेक प्रत्येक वेळी दचकते. म्हणजे बोलताना दिवसभर आम्ही 'आलो, गेलो' आणि दुधाच्या वेळी तेवढ्या पोरी. आणि मामा राजारामपुरीहून येताना बिंदू चौकात लुना हळू करून फुल्यांच्या आणि आंबेडकरांच्या पुतळ्यांना हात जोडायचा. १९५० पासून आहेत तिथं ते दोघं, आंबेडकर हयात असतानाच बसवलेले. हात जोडून झाले की पुढं गंगावेस आणि गंगावेशीत माझी पायरी.

तर ती पायरी काही सापडली नाही, आता तिथं सगळी काचेची दुकानं. मग गेलेच कट्ट्यावर. गवळ्याचा पोरगा विशीतला, त्यानं विचारलं, "काकू, पार्सल?"

"न्हाई. हितंच."

त्यानं मान वर न करता ग्लास दिला. कुणीच बघितलं नाही हो. एक जण फोनवर प्लॉटचा भाव करत होता, दुसरा फेसावर फुंकर मारत होता. माझ्याकडे बघत होती ती फक्त म्हैस, तीही कान हलवत, फारशी उत्सुकता नसल्यासारखी. ग्लास कोमट, ताप आलेल्याच्या कपाळासारखा. पहिला घोट गेला, दुसऱ्याला म्हशीचा वास आला, तिसरा घशातच घुटमळला. खरं सांगायचं तर नाही आवडलं. पण खाली ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, डोळे मिटून संपवला. लेक म्हणाली, "ई, मला नको."

तेवढ्यात मावशीचा फोन. "कुठं हाईस गं? भाकरी गार झाल्या."

"गंगावेशीत. दूध पिलो."

"कट्ट्यावर? उभ्यानं?"

"हां."

मावशी उत्तरेश्वर पेठेत राहते, कट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन आली त्याला पन्नास वर्षं तरी झाली असतील. फोनवर थोडा वेळ नुसते हॉर्नच ऐकू येत राहिले, माझ्याकडचेच. मग तिनं हळूच विचारलं,

"कसं लागतंय गं?"