आमच्या गावचा पाडव्याचा मेळावा

आमच्या गावात दिवाळीच्या पाडव्याला सकाळी आधी शाळेच्या पटांगणात जमायचं आणि मग घरी जाऊन ओवाळून घ्यायचं, अशी रीत आहे. माजी सैनिक मंडळाने नेमका पाडवाच का धरला, याचं कारण मला फार आवडतं. मुंबई-पुण्याची माणसं गावात असतात, पलटणीतली पोरं सुट्टीवर आलेली असतात, हे आहेच. पण पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, आणि ज्यांचा नवरा लढाईवरून आलाच नाही, त्यांना हा दिवस घराच्या आत बसून काढावा लागायचा. म्हणून मंडळाने ठरवलं, की शाळेच्या कुंपणालगतच्या दगडापुढं पहिला दिवा वीरनारीच लावणार. मी लहान असताना काही आज्या तोंडाला पदर लावून मागंच उभ्या राहायच्या. आता त्या पुढं असतात, आणि कितीही मोठा पाहुणा आला तरी तो मान त्यांचाच.

तो दगड पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसवलेला. सातारा जिल्ह्यात असे दगड बऱ्याच गावांत आहेत. या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातले ४६ जण त्या युद्धात कामी आले आणि गावाला 'अपशिंगे मिलिटरी' हेच नाव पडलं. आमचा आकडा त्याहून लहान. पण ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला आकड्याचं काय?

दिवा लागला की हजेरी व्हायची. पेन्शनात आलेले एक सुभेदार आबा वही उघडून परेडच्या आवाजात एकेक नाव पुकारायचे. त्या घरातलं कुणीतरी 'हजर' म्हणायचं. ज्या घराला आता कुलूप आहे, त्याच्यासाठी त्याच आळीतलं शाळकरी पोर उत्तर द्यायचं, आणि आपल्या वाट्याला कोणता शिपाई आलाय हे त्या पोराला वर्षभर पाठ असायचं. दुसऱ्या महायुद्धातली, १९६२, १९६५, १९७१ ची नावं अशी घेतली जायची. १९१४ च्या लढाईची पाळी आली की आबा वही मिटायचे आणि फक्त 'पहिल्या महायुद्धातले समस्त' एवढंच म्हणायचे. कुणी उत्तर द्यायचं नाही. नावच नव्हतं, तर हजर कुणी म्हणायचं?

ही माणसं कुठं पडली, ते ढोबळ ठाऊक होतं. डिसेंबर १९१५ पासून आजच्या इराकातल्या कूट शहराला तुर्की फौजेचा वेढा पडला, तेव्हा १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि त्यानंतर कैदेत कितीतरी जण गेले. इराकातच बसऱ्याला त्यांचं स्मारक आहे. पण त्यावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणीगणिक संख्या कोरली. म्हणजे गावातल्या दगडावर आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच. युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. त्याच आयोगाच्या नोंदींत मात्र अमक्याचा मुलगा, राहणार अमकं गाव, सातारा, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आहे. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी गावाच्या नावाची इंग्रजीत जेवढी वेडीवाकडी स्पेलिंगं होऊ शकतात, ती सगळी टाकून शोधलं. ज्या पाडव्याला त्यातली नावं पहिल्यांदा पुकारली, त्या दिवशी एका घरातल्या तीन पिढ्या एकदम 'हजर' म्हणाल्या.

शिपायांचे जुने फोटो जमवायचं काम या हजेरीतूनच निघालं. नाव मिळालं की माणूस विचारतो, दिसायचा कसा?

पहिल्या महायुद्धातल्यांचे फोटो आम्हाला नाहीतच. पुढच्यांचे आहेत. बेळगावच्या मराठा पलटणीच्या सेंटरला शपथेची कसम परेड झाली की रंगरूट स्टुडिओत जायचा आणि फोटो घरी धाडायचा. मागं रंगवलेला पडदा, बाजूला फुलदाणी, आणि वीस वर्षांच्या पोराच्या तोंडावर चाळिशीचा गंभीरपणा. टोपीवरचा तुरा फोटोत काळा-पांढराच दिसतो; तो हिरवा नि लाल असतो हे आबा दर वर्षी नव्या पोरांना सांगायचे. दुसरा प्रकार जोडीच्या फोटोचा. पलटणीच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, आणि कितीतरी आज्यांच्या तरुणपणाचा तेवढा एकच फोटो आहे. तिसरे फोटो ट्रंकेतले. कारगिलच्या आधीच्या लढायांत बहुतेकांचा देह घरी येत नसे. तार यायची आणि मागाहून ट्रंक. कपडे, पत्रं, आणि तिकडच्या दोस्तांबरोबर काढलेले फोटो. त्या ट्रंका आमच्या गावात अजून कुणी टाकलेल्या नाहीत.

मेळाव्याला व्हरांड्यातल्या बाकांवर या फोटोंच्या प्रती मांडल्या जातात, आणि खरा मेळावा तिथंच भरतो. ओळख पटवण्यात बायकांचा हात कुणी धरू शकत नाही. चेहरा पुसट झालेला असला तरी 'ही बसण्याची ढब वरच्या आळीची' असं म्हणून एका काकींनी घर सांगितलं होतं, आणि ते बरोबर निघालं. सांगितलेलं तिथल्या तिथं उतरवून घ्यायला शाळेची दोन मुलं वही घेऊन बसलेली असतात.

मंडळाचा एक नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: फोटो घराबाहेर न्यायचा नाही, स्कॅनर घरी न्यायचा. एक आजी मशीन चालू असेपर्यंत फ्रेमवर हात ठेवून बसल्या होत्या. वागणं चूक नव्हतं त्यांचं. बाकीचं काम सावकाशीचं. दमट हवेने फोटो काचेला चिकटला असेल तर सोडवायला जायचं नाही, वरचा थर काचेबरोबर निघून येतो; काचेसकटच स्कॅन करायचा. लॅमिनेशन नको, डिंक नको, चिकट पानांचा अल्बम तर मुळीच नको. मागच्या बाजूला नाव लिहायचं ते मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने. हार घालायला, कुंकू लावायला प्रत भिंतीवर लावायची आणि मूळ फोटो कागदी पाकिटात, कोरड्या कपाटात.

हल्ली काही पोरं संगणकावर जुन्या फोटोंत रंग भरून आणतात. त्यांची माया खरी आहे, पण मंडळाने ते फोटो व्हरांड्यात मांडायला नकार दिला आणि मला तो निर्णय पटतो. त्या रंगात डोळे दुसऱ्याचे होतात. शिपाई जसा उरलाय तसाच पोरांना दिसला पाहिजे.

सुभेदार आबा आता नाहीत. वही त्यांच्या सुनेकडे आली आहे, आणि तिचा आवाज पटांगणाच्या शेवटच्या टोकाला सहज पोहोचतो. या खेपेला मंडळाने लग्न होऊन गेलेल्या लेकींची यादी करायला घेतली आहे. वाटण्यांत जमीन भावांकडे राहिली. आईच्या ट्रंकेतले फोटो मात्र बहुतेक ठिकाणी लेकींबरोबर सासरी गेले. कराड, फलटण, पनवेल, कुठं कुठं आहेत त्या. भाऊबीजेला माहेरी येणाऱ्यांनी यंदा एक दिवस आधी, पाडव्यालाच यावं, येताना ते फोटो आणावेत, आणि फोटोत शेजारी उभा असलेला कोण हे आई काय सांगायची तेही आठवून यावं, असा निरोप प्रत्येकीच्या भावाकडे दिला आहे.