परक्याचं सुतक

गोल काही हातात आलं की माझं मनगट आपोआप वळतं. लिंबू, कांदा, टेबलावरचा पेपरवेट, काहीही चालतं, आणि नागपुरात घरोघरी टोपलीत पडलेलं संत्रं असेल तर विचारूच नका. आधी ते या हातातून त्या हातात उडवायचं, मग तर्जनी आणि मधलं बोट आडवं, अनामिका वाकवून शिवणीवर (संत्र्याला शिवण नसते, पण बोटाला कुठे कळतं), आणि मनगट टक्कन फिरवून संत्रं वर सोडायचं. "खायचं आहे का टाकायचं आहे ते एकदा ठरवा नं" असं स्वयंपाकघरातून येतं, दरवेळी येतं, आणि मी दरवेळी ते संत्रं मुकाट्याने सोलायला घेतो.

हा आजार मला एकट्यालाच आहे असं नाही. चाळिशी-पन्नाशीतले कितीतरी लोक बघा, लग्नाच्या पंगतीत बसलेले असतात, बाजूला लाडवाचं ताट आलं की एक लाडू उचलून दोन बोटांत धरतात आणि क्षणभर थांबतात. तो क्षण मला ओळखता येतो. हा लेगस्पिनवाला आहे, नव्वदच्या दशकात कुठल्यातरी गल्लीत हा चार पावलं चालत येऊन बॉल टाकत होता. आणि हे ज्याच्यामुळे लागलं तो माणूस ४ मार्च २०२२ ला थायलंडमधल्या कोह सामुई बेटावर गेला. शेन वॉर्न. वय ५२.

शुक्रवार होता. मोहालीला श्रीलंकेविरुद्ध टेस्ट सुरू झाली होती, विराटची शंभरावी, आमच्या ग्रुपवर दिवसभर त्याच्या ४५ रनांवर चर्चा चालली होती आणि संध्याकाळी अचानक कोणीतरी वॉर्न गेल्याचं टाकलं. त्यावर पहिला रिप्लाय होता, "अबे रॉड मार्श गेला, वॉर्न नाही, नीट वाचत जा नं बे." कारण मार्श, ऑस्ट्रेलियाचा जुना विकेटकीपर, खरंच त्याच दिवशी सकाळी गेला होता आणि त्याला श्रद्धांजलीचं ट्वीट खुद्द वॉर्ननेच केलं होतं. माणूस सकाळी दुसऱ्यासाठी हळहळतो आणि संध्याकाळी लोक त्याच्यासाठी हळहळत बसतात, याला काय म्हणायचं. त्या रात्री ग्रुपवर एकही जोक आला नाही, आणि आमच्या ग्रुपवर लोकांच्या सासऱ्याच्या तेरवीच्या दिवशीसुद्धा जोक येतात.

आता गंमत अशी की ह्या माणसाचं सुतक आम्ही पाळायचं काही कारणच नव्हतं. तो आपला नव्हता. नुसता परका नाही, शत्रुपक्षाचा. सचिनला आऊट करायला आलेला, सोनेरी केसांचा, तोंडाला पांढरं फासलेला, च्युइंगम चघळत हसणारा. आम्ही त्याच्या नावाने बोटं मोडायचो आणि मॅच संपली की त्याच बोटांनी त्याच्यासारखं टाकायला ग्राउंडवर पळायचो. कुंबळे आपला, सगळ्यांचा लाडका, पण गल्लीत कुंबळेची नक्कल करायला कोणी तयार नसायचं, उंची लागते, आणि खरं सांगायचं तर त्यात दिमाख नाही. वॉर्नची नक्कल काडीपैलवानही करू शकायचा. रनअप असा नाहीच, तो चालत यायचा. मध्येच थांबून फिल्डरला दोन पावलं सरकवायचा, बॅट्समनकडे बघायचा, परत त्याच फिल्डरला होता तिथे आणायचा. आमच्याकडे एकूण फिल्डरच तीन आणि त्यातला एक नालीतून बॉल काढायला ठेवलेला, तरी आम्ही "थोडा डीप, थोडा डीप" करत हवेतल्या माणसांना हलवायचो. विकेटकीपर मागून ओरडायचा, "बोलिंग, वॉर्नी!" ते ऑस्ट्रेलियाच्या कीपर इयन हीलीचं, स्टंपच्या माइकमधून आलेलं. पुढचा टेनिस बॉल एक इंचही वळायचा नाही आणि समोरच्याच्या गच्चीवर जायचा, तो भाग वेगळा.

मी त्याला प्रत्यक्ष पाहिलं ते १ मार्च १९९६ ला. वर्ल्ड कप, ऑस्ट्रेलिया विरुद्ध झिम्बाब्वे, सिव्हिल लाइन्सचं आमचं व्हीसीए स्टेडियम. भारताची मॅच नव्हती म्हणूनच आम्हा कॉलेजच्या पोट्ट्यांना तिकिटं मिळाली असणार, आणि झिम्बाब्वेसाठी कोण जातो, आम्ही मार्चच्या उन्हात बसलो ते फक्त वॉर्नसाठी. त्याने ३४ रन देऊन ४ काढल्या, मॅन ऑफ द मॅच. पण विकेटी मला आज तितक्या आठवत नाहीत. आठवतो तो आवाज. टीव्हीवर तो कधी ऐकू आला नव्हता, बॉल सोडताना बोटांतून निघणारी ती फर्रकन सुटल्याची कुजबुज, आता मी स्टँडमध्ये इतक्या लांब बसलेलो, मला ती ऐकू येणं शक्य नाही हे मला माहीत आहे, पण ऐकली. जाऊ द्या.

तसं पाहिलं तर त्याची सुरुवात आमच्यापुढेच झाली होती आणि ती अगदीच रद्दी होती. जानेवारी १९९२, सिडनी, पहिली टेस्ट, शास्त्रीने डबल सेंच्युरी ठोकली, अठरा वर्षांच्या सचिनने नाबाद १४८, आणि वॉर्नच्या नावावर १५० रनांत १ विकेट. ती पण शास्त्रीचीच, २०६ झाल्यावर. असा माणूस दीड वर्षाने इंग्लंडमध्ये ॲशेसमधला (म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची टेस्ट सिरीज) पहिलाच बॉल टाकतो आणि तो इंग्लंडच्या माइक गॅटिंगच्या लेगस्टंपच्या बाहेर पडून ऑफस्टंप घेऊन जातो. गॅटिंग ज्या चेहऱ्याने पिचकडे बघत उभा राहिला तो चेहरा आम्ही आजही एकमेकांना करून दाखवतो. पुढचं सगळ्यांना पाठ आहे, १४५ टेस्ट, ७०८ विकेटी, ९९ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल आणि फायनल दोन्हीत चार-चार विकेटी आणि दोन्हीत मॅन ऑफ द मॅच, २००५ च्या ॲशेसमध्ये हरलेल्या टीमकडून ४० विकेटी. बॅटिंगमध्ये ३१५४ रन आणि एकही सेंच्युरी नाही, सगळ्यात जास्त ९९, आणि त्या ९९ वर ज्या बॉलने तो आऊट झाला तो नो-बॉल होता हे नंतर रिप्लेत दिसलं. हे मला त्याच्या सातशे विकेटींपेक्षा जास्त आवडतं.

ह्या गॅटिंगच्या बॉलमागे एक माणूस होता, टेरी जेनर. स्वतः लेगस्पिनर, ऑस्ट्रेलियाकडून नऊ टेस्ट खेळलेला आणि नंतर जुगाराच्या कर्जापायी अफरातफर करून तुरुंगात जाऊन आलेला. बाहेर आल्यावर ॲडलेडच्या अकादमीत त्याच्यापुढे एक जाडजूड, बीअर पिणारं, शिस्तीशी वाकडं असलेलं पोरगं आलं. दोघांचं जमलं ते त्यामुळेच असं मला आपलं वाटतं, सरळ वाटेच्या मास्तराचं त्या पोराने ऐकलंच नसतं. जेनर २०११ मध्ये गेला, तोवर वॉर्नचं काही बिनसलं की तो जेनरकडेच जायचा.

साधू तर तो नव्हताच. बुकीला पिच-पाण्याची माहिती दिल्याबद्दल दंड भरला, २००३ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर बंदी घातलेल्या गोळ्यांमुळे घरी गेला, वर्षभर बाहेर बसला. बायकांच्या भानगडी पेपरांनी छापल्या त्या वेगळ्याच. खाण्याचे नखरे असे की ९८ च्या भारत दौऱ्यात त्याच्यासाठी डबाबंद बीन्स मागवावे लागले. सावजीच्या गावचे लोक आम्ही, एवढ्यावरूनच खरं तर त्याला नापास करायला पाहिजे होतं.

त्याच ९८ च्या दौऱ्यात सचिनने त्याचं काय केलं ते सांगायला नको, तरी सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय आमच्या पिढीचं पोट भरत नाही. चेन्नईला पहिल्या डावात सचिन ४ वर आऊट, बोलर वॉर्न, कॅच मार्क टेलर. दुसऱ्या डावात नाबाद १५५. त्याआधी सचिनने आपल्या जुन्या लेगस्पिनरला, लक्ष्मण शिवरामकृष्णनला बोलावून लेगस्टंपच्या बाहेर पिच खडबडीत करून तिथेच बॉल टाकायला लावले होते, दिवसचे दिवस. पुढे एप्रिलमध्ये शारजा, १४३ आणि मग स्वतःच्या वाढदिवसाला १३४. आमच्याकडे लोक रस्त्यावर आले होते. पण मला आज आठवतं ते त्यानंतरचं. त्याच वर्षी २७ ऑगस्टला डॉन ब्रॅडमनचा नव्वदावा वाढदिवस होता आणि ॲडलेडला त्यांच्या घरी हे दोघे बरोबर गेले. सचिन आणि वॉर्न, कोट-टाय घालून, शाळेतून बक्षीस आणायला गेल्यासारखे. तो फोटो बघून आम्हाला थोडं विचित्रच वाटलं होतं, आम्ही इथे पानठेल्यावर वॉर्नच्या नावाने भांडतो आणि ज्याच्यासाठी भांडतो तो त्याच्याबरोबर फिरतोय. २०१५ मध्ये दोघांनी मिळून अमेरिकेत रिटायर झालेल्यांच्या मॅची भरवल्या, एक टीम सचिनची, एक वॉर्नची. मारामारी आमची, दोस्ती त्यांची.

आणि मग आयपीएल. २००८ ला लिलावात सगळ्यात स्वस्त गेलेली टीम राजस्थान, त्यात वॉर्न कॅप्टनही आणि कोचही. पहिली मॅच दिल्लीशी नऊ विकेटनी हरले. लोक म्हणाले झालं. १ जूनला नवी मुंबईला शेवटच्या बॉलवर चेन्नईला हरवून कप त्यांनी नेला. त्या टीममध्ये दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅम स्मिथ होता, ज्याच्याशी वॉर्नचं वर्षानुवर्षं मैदानावर वाजलेलं. गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर होता, आणि एकोणीस वर्षांचा जडेजा. त्याला वॉर्नने 'रॉकस्टार' म्हणायला सुरुवात केली तेव्हा आम्ही हसलो होतो, खरंच हसलो होतो, कोण हा पोट्टा. पण नुसतं गोड बोलून नाही हं. वेळेवर यायची सवय नव्हती म्हणून एकदा बसमधून खाली उतरवून हॉटेलपर्यंत पायी पाठवलं म्हणतात. मला वाटतं जेनरकडून जे मिळालं ते हा पुढे देत होता.

वॉर्न गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मोहालीत खेळ सुरू व्हायच्या आधी सगळे मान खाली घालून उभे राहिले, दंडाला काळ्या पट्ट्या, आणि मग जडेजाने नाबाद १७५ केले. वर मॅचमध्ये नऊ विकेटी. मी काही दैव-बिव मानत नाही, पण त्या दिवशी टीव्हीसमोर बसून मी कोणाशी बोललो नाही एवढं खरं.

आम्हा नागपूरकरांना वॉर्नचा एक हिशोब मात्र कायम चुकता करायचा राहिला आहे. भारतात सिरीज जिंकायची त्याची फार इच्छा होती. ९८ ला हरले, २००१ ला हरले, आणि २००४ ला जिंकले ते कुठे, तर आमच्या व्हीसीएवर. मॅकग्राची शंभरावी टेस्ट होती. पिचवर हिरवंगार गवत, दादा गांगुली ऐनवेळी बाहेर, भज्जी म्हणजे हरभजनही नाही, गिलेस्पीने नऊ विकेटी घेतल्या आणि ३४२ रनांनी चौथ्याच दिवशी खेळ खल्लास. पस्तीस वर्षांनी ऑस्ट्रेलियाने भारतात सिरीज जिंकली. ते गवत कोणी ठेवलं, का ठेवलं, यावर नागपुरात आजही दोन तट आहेत आणि मी त्यात पडत नाही. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या लेगस्पिनरला जे पाहिजे होतं ते आम्ही फास्ट बोलरांच्या पिचवर दिलं, आतिथ्य म्हणतात ते हे.

तो गेल्यावर त्याच्या मेलबर्नच्या मैदानावर, जिथे त्याने सातशेवी विकेट घेतली होती, ३० मार्चला हजारो लोक जमले आणि एका अख्ख्या स्टँडला त्याचं नाव दिलं. आमच्याकडे तसलं काही नाही. आमच्याकडे फक्त एवढंच की तो रिटायर झाल्यापासून ऑस्ट्रेलिया नवा वॉर्न शोधते आणि तो त्यांना दरवेळी नागपुरात सापडल्यासारखा वाटतो. २००८ ला जामठ्याला, आमच्या नव्या स्टेडियमवर, जेसन क्रेझाने पहिल्याच टेस्टमध्ये बारा विकेटी घेतल्या आणि त्यानंतर बिचारा आणखी एकच टेस्ट खेळला. फेब्रुवारी २०२३ ला परत जामठा, परत पहिलीच टेस्ट, टॉड मर्फी, वॉर्नच्याच व्हिक्टोरियाचा, ऑफस्पिनर असला म्हणून काय झालं, १२४ रनांत ७. विराटही त्यात. पण दुसऱ्या बाजूने गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परत आलेला रॉकस्टार, ४७ मध्ये ५ आणि वर ७० रन, टेस्ट तीन दिवसांत संपली.

आम्ही तिघे जामठ्याहून परत येत होतो, वर्धा रोडवर हीऽऽ गर्दी, गाडी मुंगीच्या चालीने. मागे बसलेला मित्र म्हणाला, "आज वॉर्न असता नं ह्या पिचवर, दहा घेतल्या असत्या." झालं. चालवणाऱ्याने स्टिअरिंग सोडून मागे वळून सांगितलं, "आपल्याविरुद्ध चौदा टेस्टमध्ये त्रेचाळीस विकेटी बे त्याच्या, ॲव्हरेज सत्तेचाळीस. कायच्या दहा?" मागचा म्हणे, "ते सिद्धू, सचिन, द्रविड, लक्ष्मण होते म्हणून. आताचे पोट्टे मर्फीले सात देतात, वॉर्नले काय सोडले असते?" खापरी येईस्तोवर सिद्धूने त्याला कसं कसं पुढे येऊन मारलं ते सगळं उजळून झालं, छत्रपती चौकात २००१ चा लक्ष्मण निघाला, अजनीला कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं, आणि रहाटे कॉलनीच्या सिग्नलला मागचा उतरला, दार लावलं, चार पावलं गेला, परत आला, काचेवर टकटक केलं.

"दहा," म्हणे. "लिहून ठेव."